पैसा एकच, कागद वेगळे

नोव्हेंबर लागला की नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या बँकांपुढे शटर वर जायच्या आधीच माणसे उभी राहतात. काठी टेकत आलेले सुभेदारसाहेब, डोक्यावरून पदर घेतलेल्या जवानांच्या विधवा, कानाला यंत्र लावलेले तोफखान्यातले हवालदार. प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत आणि आधार कार्ड. संरक्षण पेन्शनची ऑनलाइन 'स्पर्श' प्रणाली आली, मोबाइलवर चेहरा दाखवून काम भागू लागले, तशी रांग आखूड झाली. पण संपली नाही. हे सगळे एकच गोष्ट सांगायला आलेले असतात: मी जिवंत आहे. तुम्ही गरीब आहात का, मुलगा सांभाळतो का, यंदा काय काम केलेत, हे त्यांना कोणी विचारत नाही. हयातीचा दाखला दिला, की वर्षभराची चिंता मिटली.

सरकारकडून मिळणाऱ्या पैशांविषयी आपल्याकडे दोन मते सर्रास ऐकू येतात. घेणारा म्हणतो, नाव काही का असेना, खात्यात पडल्याशी कारण. कर भरणारा म्हणतो, नाव काही का असेना, सगळी खैरातच. दोघांचे भांडण असले तरी 'नाव काही का असेना' यावर एकमत आहे, आणि नेमके तेच एकमत मला उथळ वाटते. पेन्शन, भत्ता, मानधन, अनुदान, सानुग्रह, पोटगी, नुकसानभरपाई हे एकाच वस्तूचे सात मुखवटे नव्हेत. एकाने दुसऱ्याला पैसे का द्यावेत, या प्रश्नाची ती सात वेगळी उत्तरे आहेत. उत्तर बदलले की घेणाऱ्याची मान किती ताठ राहणार, हेही बदलते. दिलेले उत्तर खरे की खोटे हे ओळखण्याची एक साधी खूणही आहे. रकमेकडे पाहू नका, नावाकडेही थोडा वेळ पाहू नका; पैसे देताना कागद कोणता मागतात ते पाहा.

१. तीन प्रश्न

कोणत्याही देण्याला तीन प्रश्न विचारता येतात. ते कशाबद्दल आहे? थांबवले तर दाद मागता येते का? आणि घेणारा गेल्यावर ते कोणाकडे जाते?

वेतन कामाबद्दल असते, नुकसानभरपाई हानीबद्दल, पोटगी नात्याबद्दल. पोटगीत तर पोट उघडच बसलेले आहे. नवरा-बायकोचे पटले नाही, चूक कोणाची हा वाद चालू राहिला, तरी तोवर पोट थांबत नाही, हे त्या शब्दाने कायद्याच्या आधीच ओळखले आहे. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह. तिथे 'कशाबद्दल' याचे उत्तर घेणाऱ्याजवळ नसतेच, ते देणाऱ्याच्या मनात असते. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आपोआप ठरते: अनुग्रह थांबला म्हणून कोणी कोर्टात जात नाही. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रात मथळा येतो, 'मनपा कर्मचाऱ्यांना बोनस'. आदेशात मात्र 'सानुग्रह अनुदान' असते. ही बाबूंची शब्दांची हौस नव्हे. बोनसचा कायदा स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू नाही. कारखान्यातल्या कामगाराला, कायदा त्याला लागू असेल तर, किमान ८.३३ टक्के बोनस हक्काने मिळतो. पालिकेच्या सफाई कामगाराला दरवर्षी आयुक्त आणि महापौर काय ठरवतात याची वाट पाहावी लागते. मथळ्यातला शब्द आणि आदेशातला शब्द यांच्यामध्ये एक अख्खा कायदा गायब आहे.

२. आठ लाखांचा वाद

तिसऱ्या प्रश्नाचे मराठी इतिहासातले सर्वांत महागडे उदाहरण बिठूरचे आहे. जून १८१८ मध्ये पेशवा दुसरा बाजीराव ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्यावरचा हक्क सोडायचा, पुण्यापासून दूर, कानपूरजवळच्या बिठूरला राहायचे, आणि कंपनीने वर्षाला आठ लाख रुपये द्यायचे, असे ठरले. त्या देण्याला पेन्शन म्हटले गेले. तेहतीस वर्षे त्या शब्दाने कोणाची अडचण केली नाही. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि शब्द फुटला. कंपनी म्हणाली, पेन्शन त्या माणसाची होती, माणूस संपला. दत्तक पुत्र नानासाहेबांचे म्हणणे असे, की ही रक्कम गेलेल्या राज्याचा मोबदला आहे, राज्य कायमचे गेले तर मोबदला एका आयुष्यापुरता कसा? गव्हर्नर-जनरल डलहौसीने दाद दिली नाही. नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परत आला. पुढे सत्तावन साली कानपूरला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

सत्तावनच्या उठावाला हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच, की एका बाजूला तो शब्द हयातीपुरता होता आणि दुसऱ्या बाजूला तो खरेदीखताचा हप्ता होता. आणि जोवर पैसे येत होते तोवर दोघांनाही खुलासा करायची गरज वाटली नाही. देण्याचे नाव अस्पष्ट राहिले की लाभ नेहमी देणाऱ्याचा होतो, कारण थांबवायची किल्ली त्याच्याकडे असते.

३. कॅम्पातला हिशेब

स्वतंत्र भारतात या अस्पष्टतेला न्यायालयाने वेसण घातली. देवकीनंदन प्रसाद खटल्यात १९७१ साली आणि मग नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, ती केलेल्या सेवेची कमाई आहे. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळे. (नकारा हे स्वतः संरक्षण खात्याच्या लेखाविभागातले निवृत्त अधिकारी. दुसऱ्यांच्या पेन्शनचे हिशेब ज्या खात्यात होतात तिथूनच हा खटला निघाला, याची मला नेहमी गंमत वाटते.)

पण या तत्त्वाच्या आतही शब्दांची उतरंड आहे, आणि ती पाहायला देवळाली कॅम्पासारखी दुसरी जागा नाही. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्याला वीस. सेवेत अपंगत्व आले तर पेन्शनचे दोन तुकडे पडतात, एक सेवेचा, एक अपंगत्वाचा. हा दुसरा तुकडा एका वाक्यांशावर तोलून धरलेला असतो: आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला, किंवा सेवेमुळे बळावला. वैद्यकीय मंडळाने 'सेवेशी संबंध नाही' असे लिहिले, की गुडघा तोच, वेदना तीच, पण पैसा नाही. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचे ओझे उलटे केले. भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेत ना? मग आजार सेवेचा नाही हे सिद्ध करायचे तर ते तुम्ही करा. दहा वर्षांनी, २०२३ च्या नव्या नियमांत, सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्वाच्या घटकाचे नावच बदलून त्याला 'इम्पेअरमेंट रिलीफ' केले गेले. पेन्शनचा घटक होता, तो 'रिलीफ' झाला. माजी सैनिकांनी त्यावर आरडाओरडा केला तेव्हा बाहेरच्यांना तो शब्दच्छल वाटला. ज्याने बिठूरची गोष्ट वाचली आहे त्याला तसे वाटायला नको.

विधवेच्या वाट्याला हीच उतरंड येते. मृत्यू सेवेशी संबंधित नसेल तर साधी कौटुंबिक पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. सेवेशी संबंधित असेल तर 'स्पेशल', ६० टक्के. लढाईतला असेल तर 'लिबरलाइज्ड', पूर्ण शंभर टक्के. हे शब्द कॅम्पातल्या निरक्षर बाईलाही पाठ असतात, कारण आपल्या माणसाच्या मरणाला सरकारने काय नाव दिले ते तिला दर महिन्याच्या आकड्यात दिसते. तिच्यापुढे 'नावात काय आहे' असे म्हणून पाहावे.

४. भगूरच्या माणसाचे साठ रुपये

कॅम्पापासून हाकेच्या अंतरावर भगूर. तिथे जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी इंग्रजांकडून 'पेन्शन' घेतली की 'निर्वाह भत्ता', यावर महाराष्ट्रात गेली काही वर्षे तलवारी उपसल्या जात आहेत. तथ्ये थोडी आहेत. ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांची सशर्त सुटका झाली: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही, राजकारणात पडायचे नाही. पाच वर्षांची मुदत सरकार वाढवत गेले; १० मे १९३७ ला बंधने उठली. दरम्यान, १९२९ पासून त्यांना महिना ६० रुपये मिळू लागले.

वरचे तीन प्रश्न इथे लावू. हे देणे कशाबद्दल? सेवेबद्दल नाही, त्यांनी इंग्रजांची नोकरी केलेली नव्हती. आज आपण ज्या अर्थाने निवृत्तीवेतन म्हणतो त्या अर्थाने ती पेन्शन नव्हे. बाजीरावाच्या अर्थाने, म्हणजे राजकीय पेन्शनच्या अर्थाने, तो शब्द वापरता येईल का? त्यासाठी काहीतरी सोडून दिल्याचा सौदा दाखवावा लागेल. पण सुटकेच्या अटी १९२४ च्या आणि पैसा १९२९ चा. उलट, ज्या माणसाला जिल्ह्यात कोंडले, ज्याची मालमत्ता जप्त झाली, ज्याची पदवी विद्यापीठाने काढून घेतली, त्याची कमाईची वाट अडवणाऱ्यानेच पोटाची सोय करावी, हे तत्त्व इंग्रजी कायद्यालाही नवे नव्हते. बिनचौकशी राजबंदी ठेवण्याच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनमध्ये बंद्याला आणि त्याच्या कुटुंबाला दिलेली रक्कम पुरेशी आहे का, याचा अहवाल मागण्याची तरतूद होती. सावरकर त्या रेग्युलेशनखाली रत्नागिरीत नव्हते. पण कल्पना तीच. आजही निलंबित सरकारी नोकराला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. त्यासाठी कागद कोणता मागतात? मी दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही, असे प्रमाणपत्र. तुझे हात मी बांधलेत, ते बांधलेले आहेत ना, एवढेच विचारले जाते. हा भत्ता न दिल्यास माणूस चौकशीत स्वतःचा बचावही करू शकणार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या पॉल अँथनी खटल्यात भत्त्याविना झालेली एकतर्फी चौकशी मोडीत काढली. निलंबित तलाठी सरकारचा मिंधा झाला, असे त्यावर कोणी म्हणत नाही.

तेव्हा 'भत्ता' हा शब्द अधिक खरा, असे माझे मत आहे. पण तो उच्चारून ज्यांना वाद संपला असे वाटते त्यांचेही काही खरे नाही. अंदमानातून केलेले अर्ज, १९२४ मध्ये मान्य केलेल्या अटी, १९३७ नंतरचे राजकारण, यांचा निवाडा त्यांच्या त्यांच्या पुराव्यावर करावा लागेल. साठ रुपयांचे नाव त्यांत ना साक्षीदार आहे ना वकील. एका बाजूने 'पेन्शन' म्हणून गुन्हा सिद्ध करायचा आणि दुसऱ्याने 'भत्ता' म्हणून निर्दोष सुटका मागायची, हा शब्दाकडून त्याच्या कुवतीबाहेरचे काम करून घेण्याचा प्रकार आहे.

५. मान आणि धन

आता असे उदाहरण, जिथे नाव उघड खोटे आहे. अंगणवाडी सेविकेला 'मानधन' मिळते. मानधन व्याख्यात्याला देतात, परीक्षकाला देतात. ज्याचे पोट दुसरीकडे भरते आणि जो इथे वेळ काढून येतो त्याला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा गावातली बाई दिवसातून काही तास मुले सांभाळील अशी ती कल्पना होती. मग लसीकरण आले, गरोदर बायांच्या नोंदी आल्या, सर्वेक्षणे आली, निवडणुकीची कामे आली. २०२१ पासून मोबाइलवर 'पोषण ट्रॅकर' आला, त्यात रोज अंगणवाडी उघडल्याची नोंद करायची. म्हणजे कागद मागितला जातो हजेरीचा! व्याख्यात्याची हजेरी कोण घेते?

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने गुजरातच्या मणिबेन भारिया खटल्यात हेच हेरले. नाव मानधन असले तरी ग्रॅच्युइटी कायद्यापुरते ते वेतनच आहे आणि सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, असा निकाल दिला. दीड वर्षाने, ४ डिसेंबर २०२३ पासून, महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस त्याच ग्रॅच्युइटीसाठी, पेन्शनसाठी आणि वाढीव मानधनासाठी संपावर बसल्या होत्या.

मराठी बाईने मात्र हा शब्द कधीच गिळला नाही. सेविका घरी 'मानधन झालं का' असे विचारत नाही, 'पगार झाला का' असे विचारते. 'निराधारचा पगार' म्हणणाऱ्या आज्याही आपण ऐकलेल्या आहेत. शासन निर्णयातले नाव आणि तोंडातले नाव वेगळे पडले, की तिथे हक्काचे काहीतरी अडकले आहे असे समजावे.

६. अनुदान, सन्मान, ओवाळणी

नाशिक जिल्ह्यात 'अनुदान' हा शब्द कांद्याच्या वासासकट येतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले. सरकारने त्या दोन महिन्यांत विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, जाहीर केले. कागद मागितले विक्रीच्या पट्टीचे आणि कांद्याची पीकपाहणी लागलेल्या सातबाऱ्याचे. ज्याच्या सातबाऱ्यावर पेरा चढलेला नव्हता तो अडकला. पट्टी आणि सातबारा हे व्यवहाराचे कागद आहेत, गरिबीचे नव्हेत. म्हणजे सरकार भावातली तूट भरत होते आणि नाव मात्र अनुग्रहाचे घेत होते. शरद जोशींनी १९८० साली याच जिल्ह्यातल्या ऊस-कांदा आंदोलनात घामाचे दाम मागितले होते ते यासाठीच, आणि त्यांची संघटना 'कर्जमाफी' न म्हणता 'कर्जमुक्ती' म्हणण्याचा हट्ट धरी तोही यासाठीच. माफी गुन्ह्याला असते. गंमत अशी, की २०१९ च्या राज्याच्या योजनेने कर्जमुक्ती हा शब्द नावात घेतला. शब्द मिळाला, भावाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मग 'सन्मान' आला. केंद्राची किसान सन्मान निधी, राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी, दोन्ही वर्षाला सहा हजारांच्या. आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण, महिना १५०० रुपये, जिला व्यासपीठावरून ओवाळणी म्हटले गेले. विरोधकांनी तिला रेवडी म्हटले. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर विनामोल चुलीपुढे आणि शेतात खपून काढले तिच्या हाती महिन्याला दीड हजार रोख येणे, ही मला योग्य गोष्ट वाटते, आणि म्हणूनच तिला खोटे नाव नको. ओवाळणीची कसोटी लावा. दुसऱ्या योजनेतून कमी रक्कम मिळत असेल तर फरकच द्यायचा, या नियमाने केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही सन्मान निधी घेणाऱ्या बहिणीला ५०० रुपये मिळतात. थोरल्या भावाने हजार घातले म्हणून धाकट्याने ताटातून हजार उचलून घेतल्याचे कोणत्या भाऊबिजेला पाहिले आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, आणि बाईबरोबर तिच्या नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागण्यात आले. ओवाळणीला मेहुण्याचे आधार लागत नाही. लागते ते उत्पन्नावर बेतलेल्या साहाय्याला. तर मग साहाय्य म्हणा. साहाय्याचे निकष लिहून ठेवता येतात, नाव वगळले तर अपील करता येते. ओवाळणीवर अपील कसे करणार? भाऊ रुसला, एवढेच म्हणता येईल.

नाव बदलणे दर वेळी लबाडीच असते असे मात्र नाही. राज्यात संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन अशा दोन योजना आहेत. दोन्हींत साधारणपणे महिना १५०० रुपये. एकीत आधी स्वतःला निराधार म्हणवून घ्यावे लागते. दुसरीत पासष्टी ओलांडलेल्या, कधीही नोकरी न केलेल्या म्हातारीला 'निवृत्तीवेतन' मिळते. शब्दकोश म्हणेल हे चूक. मी म्हणेन, खुरपणाऱ्या, दळणाऱ्या, धुणी धुणाऱ्या बाईला निवृत्त होण्याचा अधिकार आहे एवढे तरी एका शासन निर्णयाने मान्य केले. फक्त पेन्शन म्हणायचे तर कागदही पेन्शनचा हवा. उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, तोवर ते नाव अर्धेच खरे.

७. दोन आक्षेप

पहिला: रक्कम महत्त्वाची, शब्दाने चूल पेटत नाही. खरे आहे. पण शब्द पुढच्या वर्षीच्या चुलीविषयी बोलतो. 'पेन्शन' या एकाच शब्दाखाली २००५ च्या १ नोव्हेंबरनंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना अंशदानाची, बाजारावर हेलकावणारी योजना मिळाली. मार्च २०२३ मध्ये ते संपावर गेले तेव्हा अनेकांना कळेना, की पेन्शन असलेली माणसे पेन्शनसाठी का ओरडत आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक देण्याला हक्क म्हटले तर तिजोरी बुडेल. म्हणूनच तर नावे नेमकी हवीत. पुरात घर गेलेल्याला तातडीने द्यायच्या पैशात अनुग्रहाला जागा आहे. पंचनाम्याआधी हात पुढे करणारे सरकार मला हवेच आहे. सगळेच हक्काचे नसते. पण जे कमाईचे आहे ते अनुग्रहाच्या खात्यात लिहून तिजोरी वाचवली, तर ती वाचलेली रक्कम कोणाची असते?

१० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीच्या तोफखाना सराव क्षेत्रात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर, म्हणजे चार वर्षांपुरते भरती झालेले जवान, गेले. सेवेमुळे मृत्यू आल्यास अग्निवीराच्या घरच्यांना ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांची केंद्राची रक्कम देण्याची तरतूद आहे. रक्कम लहान नाही. पण त्या ४४ लाखांचे अधिकृत नाव सानुग्रह आहे, आणि तीस, साठ, शंभर टक्क्यांच्या शिडीवर त्या घराला पायरी नाही. जे जिवंत राहतील त्यांना चार वर्षांनी सुमारे पावणेबारा लाखांचा 'सेवा निधी' मिळेल, ज्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला असेल. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाच्या मैदानावर उभ्या राहिल्या होत्या. मूळ आराखड्याप्रमाणे चारांतला एक सैन्यात राहील. उरलेले तिघे पंचविशीच्या आसपास गावी परततील, आणि त्यांच्याकडे कोणत्याही नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोणी मागणार नाही.